क्यूसाठी क्यू

मराठी माणसाला 'क्यू' म्हटले की रांग आठवते. रेशनचा क्यू, रॉकेलचा क्यू, सिनेमाच्या तिकिटाचा क्यू. बिलियर्ड, स्नूकर आणि पूल या खेळांत ज्या काठीने चेंडू मारतात तिलाही क्यूच म्हणतात. हे दोन शब्द नुसते कानाला सारखे लागतात असे नाही, त्यांचे मूळही एकच आहे. फ्रेंच भाषेत शेपटीला जो शब्द आहे त्यातून दोन्ही निघाले. माणसे एकामागे एक उभी राहिली की शेपूट तयार होते, ती रांग. काठीची हकीकत थोडी वेगळी आहे. पूर्वी बिलियर्ड हा खेळ एका टोकाला ठोकळा असलेल्या दांड्याने खेळत. चेंडू टेबलाच्या कडेला जाऊन चिकटला की तो ठोकळा आड येई. मग खेळाडू दांडा उलटा धरून त्याच्या बारीक टोकाने, म्हणजे शेपटीने, चेंडू मारत. पुढे ठोकळा गेला आणि शेपूट तेवढी राहिली.

अमेरिकेत या दोन शब्दांची पुन्हा गाठ पडली आहे. तेथे हाताने बनवलेला उत्तम क्यू हवा असेल तर क्यूमध्ये उभे राहावे लागते. नामांकित कारागिराच्या वहीत नाव नोंदवायचे आणि थांबायचे. दोन वर्षे, पाच वर्षे, काही ठिकाणी दहा वर्षांहूनही अधिक. वस्तू काय, तर ५८ इंच लांबीची आणि जेमतेम अर्धा किलोहून थोडी जड अशी लाकडी काठी! तिच्यासाठी माणसे एवढी का थांबतात आणि शेवटी ती कोणाच्या हातात पडते, याचा इतिहास आम्ही येथे मांडत आहोत. ज्या समाजात शिकलगार, मोमीन, नदाफ, अत्तार ही आडनावेच धंद्यावरून पडली, त्या समाजातील वाचकांना हा दूरदेशीचा इतिहास फारसा परका वाटू नये.

दरबारातून अड्ड्यावर

बिलियर्ड हा मुळात युरोपातील राजेरजवाड्यांचा आणि सरदारांचा खेळ. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काठीच्या टोकाला चामड्याची टिकली लावण्याची युक्ती निघाली. तिचे श्रेय कैदेत असलेल्या मिंगो नावाच्या एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याला दिले जाते. चामडे चेंडूवर पकड घेते, त्यामुळे चेंडू नुसता ढकलला न जाता त्याला गिरकी देता येऊ लागली. पुढे टिकलीला खडू लावू लागले. या दोन साध्या गोष्टींनी खेळ पालटला. तोवर काठी म्हणजे काठी होती. आता तिचे वजन, तोल, जाडी आणि लवचिकता यांना अर्थ आला.

आपल्या देशाचा या खेळांशी संबंध जुना आहे. स्नूकरचा जन्मच १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाला. नेव्हिल चेंबरलेन या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने बिलियर्डच्या टेबलावर रंगीत चेंडू मांडून तो सुरू केला. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन वेगळे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड विजेते झाले. मुंबईच्या यासीन मर्चंट यांनी १९८९ मध्ये आशियाई स्नूकर विजेतेपद मिळवले. आपल्याकडचे बिलियर्ड आणि स्नूकर मात्र इंग्रजी वळणाचे. त्यात ॲशच्या लाकडाचा क्यू चालतो आणि खेळ क्लबाच्या भिंतींआड राहतो.

अमेरिकेतील पूल हा दुसऱ्या वळणाचा खेळ आहे. टेबल लहान, कप्पे सहा, चेंडू मोठे आणि काठी मेपलची. 'पूल' हे नावही पैजेसाठी सर्वांनी मिळून जमवलेल्या रकमेवरून आले. तो सार्वजनिक अड्ड्यांवर, धुराने भरलेल्या खोल्यांत, पैसे लावून खेळला गेला. त्याला प्रतिष्ठा नव्हती, पण गर्दी होती. मूळचे स्वित्झर्लंडचे जॉन ब्रन्सविक यांनी १८४५ मध्ये सिनसिनाटी येथे बिलियर्डची टेबले बनवण्याचा व्यवसाय सुरू केला आणि त्यातून मोठी कंपनी उभी राहिली. कोणत्याही अड्ड्यावर भिंतीला कंपनीच्या अखंड काठ्या लावलेल्या असत. आलेल्याने त्यातली एक उचलायची, खेळायचे आणि परत ठेवून जायचे.

ज्याचे पोट खेळावर आहे त्याला मात्र रोज नवी काठी घेऊन चालत नाही. त्याला ओळखीची काठी हवी, आणि या गावाहून त्या गावाला नेता यावी म्हणून मधोमध पेचाने जोडलेली, दोन तुकड्यांची हवी. अशा काठ्या बनवण्यात शिकागोचे हर्मन रॅम्बो यांनी नाव काढले. त्यांचा जन्म १८८१ चा. अनेक वर्षे ब्रन्सविक कंपनीत काम करून पुढे ते स्वतंत्रपणे काम करू लागले आणि १९६७ मध्ये वारले. मोठमोठे विजेते त्यांच्याकडे काठी मागायला जात. कंपनीच्या छापापेक्षा माणसाच्या नावाला किंमत आली ती येथून.

ब्रुकलिनचा सुतार

या इतिहासातले सर्वांत मोठे नाव जॉर्ज बालाबुश्का यांचे. १९१२ मध्ये रशियात त्यांचा जन्म झाला आणि १९२४ मध्ये ते आईवडिलांबरोबर अमेरिकेत आले. परक्या देशात लाकूडकामाने त्यांना भाकरी दिली. पूल हा त्यांचा फावल्या वेळेचा नाद होता. १९५९ मध्ये भागीदारीत एक पूलचा अड्डा घेतल्यावर ते तेथल्या मोडक्या काठ्या दुरुस्त करू लागले. मित्रांना नाताळची भेट म्हणून काही काठ्या बनवून दिल्या. त्या पाहून दुसऱ्यांनी मागितल्या. थोड्याच वर्षांत तोच त्यांचा धंदा झाला.

काळही अनुकूल होता. १९६१ मध्ये पॉल न्यूमन यांचा 'द हसलर' हा चित्रपट आला आणि ओस पडत चाललेल्या अड्ड्यांवर पुन्हा गर्दी झाली. त्याच वर्षी इलिनॉय राज्यातील जॉन्स्टन सिटी या लहानशा गावात जान्स्को बंधूंनी पैजेच्या खेळाडूंच्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली. देशभरचे खेळाडू तेथे जमत, एकमेकांच्या काठ्या हातात घेऊन पाहत आणि ब्रुकलिनच्या त्या सुताराचे नाव घेऊन आपापल्या गावी परतत. जाहिरातीची गरजच पडली नाही.

बालाबुश्का १९७५ च्या डिसेंबरात वारले. सोळा वर्षांच्या कामात त्यांनी हजार-बाराशे काठ्या केल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. त्यांच्या काठीला 'क्यूंमधली स्ट्रॅडिव्हेरियस' म्हणतात. स्ट्रॅडिव्हेरियस हे इटलीतल्या जगप्रसिद्ध व्हायोलिन-कारागिराचे नाव. गौरव मोठा आहे. पण येथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण नावाच्या झगमगाटात ती हरवते.

क्यूच्या मागच्या जाड भागात फिकट लाकडात गडद लाकडाची निमुळती टोके शिरलेली दिसतात. ही नुसती नक्षी नव्हे. दोन जातींची लाकडे खाचेत खाच बसवून तो सांधा जोडलेला असतो, आणि तो साधणे हे या धंद्यातले अवघड काम. बालाबुश्का हे जोडलेले तुकडे बहुतेक वेळा स्वतः बनवत नसत. सुरुवातीला त्यांनी ब्रन्सविक कंपनीच्या तयार काठ्यांचे मागचे भाग घेतले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागोचे बर्टन स्पेन ते तुकडे करून देऊ लागले. अखेरच्या वर्षांत ते पेनसिल्व्हेनियाच्या गस झॅम्बोटी यांच्याकडून येत. बालाबुश्का त्यांना कातून आकार देत, पेच बसवत, मुठीवर आयरिश लिननचा दोरा गुंडाळत, तोल साधत आणि झिलई देत. तो दोराही मुळात मासेमारीच्या गळासाठी विणलेला. काम त्यांचे अस्सल होते यात शंका नाही. काठी हातात घेतलेला माणूस ती विसरत नसे, असे जुने खेळाडू सांगत. तरी रांग एका नावासमोर लागली होती आणि त्या नावामागे तीन-चार ठिकाणचे हात होते. झॅम्बोटी यांना पुढे स्वतःचे नाव मिळाले. बर्टन स्पेन यांचे नाव खेळाच्या जाणकारांबाहेर कोणाला ठाऊक आहे?

लाकडाला घाई चालत नाही

रांग एवढी लांब का होते, याचे उत्तर बरेचसे लाकडात आहे. क्यूचा पुढचा निमुळता भाग टणक मेपलचा असतो. हे झाड उत्तर अमेरिकेच्या थंड मुलखात हळूहळू वाढते, म्हणून त्याचे तंतू दाट आणि सरळ असतात. त्याची चौकोनी पट्टी वाळवून लेथवर हवी त्यापेक्षा जाड अशी कातून घेतात आणि टांगून ठेवतात. लाकूड कातले की त्याच्या अंगातला ताण सुटतो आणि ते वाकू पाहते. काही आठवड्यांनी अगदी पातळ थर कातायचा आणि पुन्हा टांगायचे. असे अनेकदा करावे लागते. सात-आठ वेळा सरळ राहिलेली काठी नवव्या वेळी वाकली तर ती बाजूला टाकायची. शेवटी टोकाला तिची जाडी साधारण १३ मिलिमीटर राहते. या कामात महिने जातात, कधी वर्षाहून अधिक काळ जातो. मिरजेच्या सतारमेकरांना हे समजावून सांगावे लागणार नाही. भोपळा वाळायला किती दिवस द्यायचे हे तेथे घड्याळ ठरवत नाही.

मागच्या भागाला आबनूस लागतो, शिसवी लागते. अमेरिकन कारागीर ज्याला 'ईस्ट इंडियन रोझवूड' म्हणून नावाजतात ती आपल्या दक्षिणेकडच्या रानांतली शिसवीच. शिसवीच्या साऱ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून नियंत्रण आले आणि कागदपत्रांचे काम वाढले. हस्तिदंताचे तर दिवसच संपले. जुन्या क्यूंवर हस्तिदंताचे नक्षीकाम असे. आफ्रिकन हत्तीच्या दंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ मध्ये बंदीचा निर्णय झाला आणि २०१६ मध्ये अमेरिकेने देशांतर्गत व्यापारही जवळजवळ थांबवला. त्यामुळे लाखमोलाचा जुना क्यू घेऊन सरहद्द ओलांडणे आज जोखमीचे झाले आहे. हत्तीच्या जिवापुढे काठीची नक्षी गेली, याचे आम्हाला दुःख वाटत नाही.

वेळ वाचवण्याचे मार्ग नव्हते असे नाही. १९६८ मध्ये बाल्टिमोर येथे डॅन जेन्स आणि बिल स्ट्राउड यांनी 'जॉस' हा कारखाना काढला. १९७५ मध्ये 'मॅकडर्मॉट' आला. पुढे संगणकावर चालणारी यंत्रे आली आणि जी नक्षी कोरायला कारागिराला दिवसच्या दिवस लागत ती तासांत होऊ लागली. चांगली काठी दुकानात तयार मिळू लागली. असे असूनही हाताच्या कामापुढची रांग आटली नाही, उलट वाढली. वस्तू दुर्मीळ होती म्हणून पूर्वी लोक थांबत. आता ती सहज मिळत असतानाही थांबू लागले.

लास व्हेगासची वही

या रांगेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे लास व्हेगासची 'साउथवेस्ट' ही कार्यशाळा. जेरी फ्रँकलिन यांनी ती १९८० च्या दशकात नावारूपाला आणली. डेव्हिड पॉल कर्सनब्रॉक या प्रयोगशील कारागिराकडून त्यांनी हुनर घेतले आणि त्यात स्वतःची भर घातली. मागच्या भागात चारऐवजी सहा टोके, सपाट जोड, विशिष्ट पेच. चेंडूवर आघात झाला की हाताला जी जाणीव पोचते, तिच्यासाठी खेळाडूंनी या काठीला डोक्यावर घेतले. मागणी वाढली, काम मात्र वाढवले नाही. रांग लांबत गेली आणि तिची मुदत दहा वर्षांच्याही पुढे गेली.

१९९६ मध्ये जेरी फ्रँकलिन वारले. अशा वेळी साधारणपणे कार्यशाळा बंद पडते, अवजारे विकली जातात आणि वही कपाटात जाते. येथे तसे झाले नाही. पत्नी लॉरी फ्रँकलिन यांनी काम पुढे चालवले. या धंद्यात बाईमाणूस लेथवर उभे राहणे हीच नवलाची गोष्ट होती, आणि काठीचा दर्जा राखून त्यांनी शंका घेणाऱ्यांना उत्तर दिले. आम्हाला यात महत्त्वाचे वाटते ते हे की कारागीर गेला तरी रांग मोडली नाही. ज्याने नाव नोंदवले तो एका माणसाच्या शब्दावर थांबला होता. शब्द देणारा निघून गेल्यावर तो शब्द अमानत म्हणून कोणीतरी सांभाळावा लागतो. झॅम्बोटी यांच्याकडेही असेच झाले. गस झॅम्बोटी १९८८ मध्ये वारले आणि मुलगा बॅरी यांनी बापाची अवजारे हाती घेतली. त्यांच्या दारातली रांगही बापाच्या दारातल्या रांगेइतकीच लांब झाली.

रांगेत थांबलेल्याचा अनुभवही पाहिला पाहिजे. पंचविशीत नाव नोंदवलेल्या माणसाची पाळी चाळिशीजवळ येते. मध्यंतरी लग्न होते, मुले होतात, नोकरी बदलते, नजर मंदावते. पाळी आली की कारागीर विचारतो, वजन किती हवे, लाकूड कोणते, टोकाची जाडी किती, मुठीला दोरा की चामडे. उत्तर देणारा आता वेगळाच माणूस असतो. काहीजण पाळी येण्याआधीच जग सोडून जातात. तरी नाव नोंदवणारे नोंदवतात. सबरचे फळ गोड असते असे आपण म्हणतो, पण येथे ते कोण चाखणार हेही ठरलेले नसते.

सिनेमातली काठी आणि बाजार

१९८६ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी यांचा 'द कलर ऑफ मनी' आला. जुना खेळाडू पॉल न्यूमन तरुण टॉम क्रूझला एक क्यू देतो आणि तो क्यू पाहताच तरुणाचे डोळे विस्फारतात, कारण ती बालाबुश्का आहे. या एका प्रसंगाने त्या सुताराचे नाव जगभर गेले. गंमत अशी की पडद्यावर दिसते ती काठी बालाबुश्का नव्हतीच. खरी इतकी मोलाची झाली होती की चित्रीकरणात तिला हात लावणे परवडणारे नव्हते. म्हणून तिच्यासारखी दिसणारी 'जॉस' वापरली. बालाबुश्का यांना जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. जगातील सर्वांत प्रसिद्ध बालाबुश्का बालाबुश्कांच्या हातची नाही!

त्यानंतर बाजार तापला. त्यांच्या नावाच्या कारखानी प्रतिकृती निघाल्या, बनावट काठ्याही आल्या. बनावट ओळखणे कठीण होते, कारण आधी सांगितल्याप्रमाणे मूळ काठीचे तुकडेच निरनिराळ्या ठिकाणचे. हयातीत त्यांना एका काठीचे काहीशे डॉलर मिळत. आज तीच काठी हजारो डॉलरना, उत्तम असेल तर त्याच्या कितीतरी पटींनी विकली जाते. त्यातली एक दमडीही बनवणाऱ्याच्या हाती पडण्याचा प्रश्न नाही.

जिवंत कारागिरांच्या रांगेतही हाच बाजार शिरला. कारागीर आपल्या ग्राहकाला ठरलेल्या भावात काठी देतो. पण त्या नावाची काठी बाहेर दुप्पट-तिप्पट भावाने जात असेल, तर रांगेतली जागा हीच विकाऊ वस्तू होते. ज्याला खेळायचे नाही तोही नाव नोंदवतो. दहा वर्षे थांबतो, काठी घेतो आणि टोकाला खडूही न लावता दुसऱ्या दिवशी विकतो. घेणारा ती काचेच्या कपाटात ठेवतो. कारागिरांनी यावर आपापले उपाय केले. कोणी नवी नावे घेणे बंद केले, कोणी भाव बाजाराच्या जवळ नेला, कोणी ओळखीच्या खेळाडूंपुरतेच काम ठेवले. भाव वाढवला तर साधा खेळाडू मागे पडतो, न वाढवला तर मधला दलाल कमावतो. यातून निर्दोष वाट कोणालाच सापडलेली नाही.

इकडे खेळ पुढे निघून गेला. फिलिपिन्सचे एफ्रेन रेयेस १९९९ मध्ये नाइन-बॉलचे जगज्जेते झाले. स्वस्तातल्या साध्या काठीने खेळण्याबद्दल ते प्रसिद्ध होते. २०१६ नंतर कार्बन फायबरचे पुढचे भाग आले. ते वाकत नाहीत, त्यांना ऋतू बाधत नाही. आजचे अनेक अव्वल खेळाडू तेच वापरतात. म्हणजे जिंकण्यासाठी दहा वर्षे थांबण्याचे कारण उरलेले नाही.

रांग कोणाची?

मग ही रांग कशासाठी? आमच्या मते या साठ वर्षांत रांगेचा अर्थ दोनदा बदलला. पहिल्या काळात ती खेळाडूची होती. त्याचे पोट त्या काठीवर होते आणि बनवणाऱ्याचेही. दुसऱ्या काळात ती संग्राहकाची आणि दलालाची झाली. त्यात काठी काचेआड गेली आणि कारागीर केवळ सही होऊन राहिला. या दोन्हींच्या आड एक तिसरी, लहानशी रांग मात्र आजही आहे. आपल्यासाठी कोणीतरी हाताने, आपला हात विचारून, एक वस्तू घडवावी एवढीच इच्छा असलेल्यांची. ते विजेते नसतात आणि काठी विकतही नाहीत.

कारागिराच्या दृष्टीने पाहिले तर रांग ही त्याच्या हाताची मर्यादा आहे आणि त्याची इज्जतही. त्याने हात वाढवले, यंत्रे आणली, तर रांग एका वर्षात संपेल आणि त्याबरोबर तोही संपेल. आपल्याकडे कित्येक हुनर याच्या उलट कारणाने बुडाले. तेथे रांगच लागली नाही. बनवणारा दारात बसून राहिला आणि घेणारा कारखान्याच्या मालाकडे वळला. रॅम्बो, बालाबुश्का, झॅम्बोटी, फ्रँकलिन यांचे नशीब असे की त्यांच्या समाजाला थांबण्याची तयारी होती. पण समाज नावासाठी थांबला आणि नावामागचे हात विसरला, तर ती कदर अर्धीच म्हणावी लागेल. बर्टन स्पेन यांनी जोडलेला सांधा आजही घट्ट आहे. काठीवर नाव कोणाचेही असो, चेंडूवर पडणारा प्रत्येक घाव त्या सांध्यातूनच पुढे जातो.